तारांवर ठेवलेला तळहात

मामा, आपलं भांडण अर्धंच राहिलंय. मी पोरबंदरला निघालो त्या सकाळी आपण तुझ्या ओट्यावर बसून भांडलो. गाडीने हॉर्न दिला तसा मी पिशवी उचलली, आणि तू म्हणालास, "जा आता. होळीला येशील तेव्हा पुढचं भांडू." मी ते मनात जपून ठेवलं होतं. जाळं टाकून बसलं की खलाशाकडे विचार करायला वेळच वेळ. मी तुला द्यायची उत्तरं तयार करत होतो. एक उत्तर तर असं भारी सुचलं की बोटीचा तांडेल ओरडला, "ए भरत, एकटाच काय हसतोस? दर्या लागला काय तुला?"

बोट बंदराजवळ आली की सगळ्यांचे मोबाईल एकदम किणकिणायला लागतात. बाकीचे खलाशी त्या आवाजासाठी जगतात, मी त्याला घाबरतो. घरी काही बरंवाईट झालं असेल तर ते त्याच आवाजातून येणार, हे माझ्या डोक्यातून जात नाही. तू हसायचास. "ह्याचं काळीज एवढं धडधडतं की ह्याला ढोल द्यायची गरजच नाही," असं चारचौघांत सांगायचास. तर ह्या खेपेला ते आलंच. ताईचा मेसेज होता. "काशीमामा गेला. तुला फोन लागत नव्हता. सगळं आटोपलं."

"सगळं आटोपलं" हे मी किती वेळा वाचलं असेल. तुला दर्याकाठी नेलं, माणसं आंघोळ करून घरी परतली, आणि मी तिकडे पाण्यात, जाळ्याला घोळ मासळी लागली म्हणून नाचत होतो. मला कोणी सांगायचं?

तू माझ्या आईचा भाऊ नव्हतास. तू आळीचा मामा. बोर्डीहून झाईकडे जाताना डाव्या हाताला आपली मांगेलआळी वळते, तिथे लहानापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे तुला मामाच म्हणत. 'काशिनाथ बेंजो पार्टी' असं हातगाडीच्या फळीवर लाल रंगात लिहिलेलं होतं. गाडीत बॅटरी, गाडीवर दोन कर्णे, आणि गाडीच्या पुढे गळ्यात बेंजो अडकवलेला तू. ती हातगाडी मुळात मामीची, बाजाराला मासळी न्यायची. कितीही धुतली तरी तिला बोंबलाचा वास यायचा. नवरी नाक मुरडायची तेव्हा तू म्हणायचास, "पोरी, ह्याच वासात तुझी आई पण नाचत नाचत दर्यावर गेली होती."

बेंजोची ती टाईपरायटरसारखी बटणं. तू म्हणायचास, "डहाणूच्या कचेरीत लोक दिवसभर टायपिंग करतात, कोणाचा पाय हलतो का? मी चार बटणं दाबली की आळी उठते."

मी नववीत शाळा सोडली तेव्हा घरात कोणी माझ्याशी धड बोलत नव्हतं. तू का सोडलीस म्हणून विचारलं नाहीस. ढोल पुढे सरकवलास आणि म्हणालास, "उद्यापासून बारशाला, हळदीला, सगळीकडे चल. पण सकाळी येऊन मला पेपर वाचून दाखवायचा." तुझा चष्मा फुटलेला होता आणि तू दुसरा करत नव्हतास. मला वाटायचं कंजूष आहे मामा. पुष्कळ वर्षं मी तुला पेपर वाचून दाखवला. खून, अपघात, मासळीचा भाव, कोणत्या हिरोचं लग्न मोडलं. आज इथे जेट्टीवर बसून हे सगळं लिहितोय, शब्द अडत नाहीत, तेव्हा कळतंय की तो फुटका चष्मा किती कामाचा होता. हे मी तुला कधी बोललो नाही. तू ऐकूनही घेतलं नसतंस. "चल, चहा सांग," म्हणाला असतास.

आणि एक गोष्ट तू शिकवलीस, ती बाकी कुठल्या पार्टीला येत नव्हती. वाजवायला सगळेच शिकवतात, तू थांबायला शिकवलंस.

आपल्या आळीत हळदीच्या दिवशी लग्नघरचे वाजत-गाजत वरात दर्यावर नेतात, दर्याला नारळ देतात, मग हळद लागते. वाटेत ज्या घरात मयत झालेलं असेल, तिथे वाजप बंद करायचं. हे तर सगळ्यांनाच माहीत. पण पोरं काय करायची, वाजप बंद झालं की धूम ठोकायची, ते घर ओलांडलं की परत धडामधूम. तू एकदा नित्याची गचांडी धरलीस. नित्या तुझा पुतण्या, कीबोर्डवाला, त्याला सगळ्याचीच घाई. "कुठे पळतोस? मागे कुत्रं लागलंय?"

"मामा, बंद केलं ना वाजप."

"बंद करून पळालास तर ती चुकवाचुकवी झाली. त्या घरातल्या माणसाला ऐकू आलं पाहिजे की आपण गप्प आहोत. हळू चाल."

आणि तू बेंजोच्या तारांवर तळहात सपाट ठेवायचास. तो हात तिथे असेपर्यंत कोणी ढोलाला काठी लावायची नाही, कोणी शिट्टी मारायची नाही, मोबाईलसुद्धा वाजू द्यायचा नाही. नुसत्या चपला वाजायच्या. मग घर मागे पडलं की तू हात काढायचास.

मामा, तेव्हा आळी पण वेगळी होती. आता सांगायला बसलो की म्हाताऱ्यासारखं वाटतं, पण मी म्हातारा नाही, आळीच लवकर बदलली. दोन्ही बाजूंना बांबूंवर बोंबील वाळत असायचे, त्यांच्या मधून वरात जायची, आणि कोणाच्या ना कोणाच्या फेट्याला एखादा बोंबील लटकून दर्यापर्यंत यायचा. पलीकडे चिकूची वाडी. मग वाडी विकली गेली. भिंत आली, भिंतीवर काचा आल्या, आत बंगले आले. बांबू मागे सरकवा म्हणाले, वास येतो. बायकांनी सरकवले. मग वाजपाचा नंबर लागला.

तो पांढऱ्या हाफपँटवाला साहेब आठवतो? शनिवार-रविवार येणारा. वरात अडवून हात जोडून म्हणाला, "प्लीज. वी केम हिअर फॉर पीस."

तू मला विचारलंस, "पीस म्हणजे काय रे, भरत्या?"

"शांतता."

"अस्सं. ह्यांनी जमिनीबरोबर ती पण घेतली होय? कोणी विकली? मला तर कोणी विचारलं नाही."

आळी हसली, साहेब पण ओशाळून हसला. नंतर त्याच्याच ओळखीच्या एका रिसॉर्टने तुला बोलावलं, पाहुण्यांना लोकल कल्चर दाखवायला. सगळ्यांना एकसारखे लाल शर्ट घालायला दिले. स्विमिंग पुलाच्या कोपऱ्यात उभं केलं आणि मॅनेजर म्हणाला, "थोडं हळू वाजवा, गेस्ट लोक बोलतायत." आपण हळू वाजवलं. कोणी नाचलं नाही, सगळे जेवत होते. परत येताना टेम्पोत तू एवढंच बोललास, "आज मला पहिल्यांदा कळलं, मांडवातला पंखा होऊन कसं वाटतं." पुन्हा त्यांचा फोन उचलला नाहीस.

ह्या सगळ्यात ती बाई आली.

आळीच्या तोंडाशी पहिला बंगला तिचा. मुंबईहून आलेली, एकटीच, फाटक कायम लावलेलं. त्या दिवशी हळद होती दामूच्या पोराची. बंगल्यासमोर आलो तर बाई फाटक उघडून बाहेर उभी. केस विस्कटलेले. म्हणाली, "जरा बंद करता का? थोडा वेळ तरी."

आपल्याला वाटलं, ही पण तसलीच, पीसवाली. आणि तू, भर वरातीत, कर्ण्यातून अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालास, "बाई, आमच्याकडे वाजप फक्त मयताच्या घरासमोर बंद करतात. तुमच्याकडे कोण मेलंय?"

सगळे हसले. मी पण हसलो.

बाई म्हणाली, "माझा मुलगा. मागच्या महिन्यात."

मामा, मी तुझ्या शेजारीच होतो. तुझा हात तारांवर ठेवलेला मी खूपदा पाहिलाय, पण त्या दिवशी तो पडल्यासारखा पडला. कर्ण्यातून घर्र आवाज आला आणि थांबला.

ही चूक आपल्याच लोकांकडून व्हायची होती. आळीत कोणी गेलं तर सांगावं लागत नाही. त्या घरात चूल पेटत नाही, त्या दिवशी होडी पाण्यात जात नाही, शेजारी भात घेऊन जातात. न सांगताच सगळ्यांना कळतं. म्हणून, आपल्याला माहीत नाही म्हणजे कोणी गेलेलं नाही, असंच आपण धरून चालतो. भिंतीच्या आत कोणी गेलं तर कळणार कसं, हा विचारच आपण केला नव्हता. पोरगा मुंबईत गेला, घर खायला उठलं म्हणून ती इथे आली, आणि आपण तिच्या दारात ढोल बडवले.

दुसऱ्या दिवशी तू मामीच्या मागे लागलास, तिच्याकडे जेवण पाठव म्हणून.

मामी म्हणाली, "कोलंबीचं कालवण आहे, ते देऊ?"

"अगं, सुतकात कोलंबी? बाई शाकाहारी असेल तर?"

"मग काय देऊ? तुमच्या घरात हिरवं म्हणून काय असतं? एक तेवढं जाळं!"

शेवटी वरण-भात केला, तुमच्या लग्नातल्या स्टीलच्या डब्यात भरला आणि मी फाटकावर वॉचमनकडे दिला. डबा आत गेला तो परत आला नाही. मामी बरेच दिवस म्हणायची, "बंगला बांधता येतो, पण डबा परत देता येत नाही."

त्यानंतर प्रत्येक वरातीत बंगल्यासमोर तुझा हात तारांवर. वर्ष झालं तरी तसंच, त्यानंतरही तसंच. बाकीच्या बंगल्यांनी ते बघितलं. म्हणाले, तिच्यासमोर बंद करता तर आमच्यासमोर का नाही? मग अर्ज केला, की वरात आळीतून नकोच, मोठ्या रस्त्याने फिरवून न्या. पंचायतीत अर्ज, पोलिसांकडे अर्ज. 'शांतता राखा'चा बोर्ड लागला. नित्या चिडून म्हणायचा, "त्यांचा डीजे भिंतीच्या आत म्हणून पार्टी, आपला बेंजो रस्त्यावर म्हणून त्रास."

आणि मी पण नित्याच्याच बाजूचा झालो. तेच आपलं भांडण.

"मामा, तू एका दारासमोर हात ठेवलास, आता अख्खा रस्ता म्हणतोय हात ठेवा."

"तिला मी दिलंय. बाकीच्यांना पाहिजे असेल तर म्हणावं, मयत दाखवा."

"मस्करी नको करूस. सुतक काय वर्षानुवर्षं असतं?"

"तिचा दुखवटा कोणी काढलाय का?"

आपल्यात दुखवटा आपोआप संपत नाही. शेजारणी जातात, त्या घरच्या बाईला जवळ बसवतात, तिच्या तोंडात साखर घालतात, म्हणतात, पुरे आता. तेव्हा कुठे त्या दारासमोर परत वाजप सुरू होतं. बंगल्यात कोण जाणार?

मी म्हटलं, "मग तू मामीला घेऊन जा. काढ दुखवटा. मोकळी कर तिला आणि आळीला पण."

तू बेंजोची तार पिळत बसलास. मग म्हणालास, "कोणत्या तोंडाने जाऊ? कोण मेलंय म्हणून मीच विचारलं होतं."

मी चिडलो. म्हटलं, "तुझ्या लाजेपायी आळीचं वाजप जाईल, मामा. एक दिवस ती माणसं सगळंच बंद करतील." तेवढ्यात गाडीने हॉर्न दिला.

तर जे भारी उत्तर मला सुचलं होतं ते असं होतं: मामा, गप्प बसणं आपल्या मर्जीचं आहे तोवर आपलं, त्यांनी सांगून बसलो की त्यांचं. मला वाटलं होतं, होळीला हे ऐकलं की तू हरशील.

आता तू नाहीस तर सांगतो, हरलो मीच. ते कसं, ते ताईने मला फोनवर सांगितलं.

तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी बंगल्यातली बाई आळीत आली. पायी, एकटी. त्याआधी तिला आळीत आत आलेलं कोणी बघितलं नव्हतं. हातात एक डबा. मामीसमोर ठेवला. मामीने बघितलं तर डब्यावर कोरलेलं, 'काशिनाथ–पार्वती'. तुमच्याच लग्नातला डबा. आत वरण-भात.

बाई म्हणाली, "नाव होतं, त्यामुळे कोणाचा ते माहीत होतं. रिकामा कसा द्यायचा म्हणून राहिला. आणि भरून आणायची हिंमत होत नव्हती."

मामी म्हणाली, "ह्यांना पण तुमच्याकडे यायचं होतं. पाय उचलत नव्हता."

"मला कळायचं," बाई म्हणाली. "ते फाटकाकडे कधी बघायचे नाहीत. खाली बघून जायचे." मग म्हणाली, "मुंबईत आमच्या बिल्डिंगमध्ये मुलगा गेला त्या संध्याकाळी खालच्या हॉलमध्ये वाढदिवस चालू होता. कोणाची चूक नाही, कोणाला माहीतच नव्हतं. इथे मात्र लांबून वाजत यायचं आणि माझ्या दाराशी थांबायचं. तेवढ्यापुरतं वाटायचं, कोणाला तरी माहीत आहे की तो होता."

मामा, हे ऐकलं आणि माझी सगळी उत्तरं पाण्यात गेली. मी तुझ्या हाताला आळीची हार समजत होतो.

मग मामीने जे केलं त्यावर आळीत अजून चर्चा चालू आहे. ती आत गेली, साखरेचा डबा घेऊन आली आणि बाईच्या तोंडात साखर घातली. ओट्यावरच्या बायका म्हणाल्या, "पार्वती, अगं, तू स्वतः सुतकात! सुतकातल्या बाईने दुसरीचा दुखवटा काढायचा, असं कुठं असतं का?"

मामी म्हणाली, "माझा निघेल तेव्हा निघेल. हिचा अजून किती वर्षं ठेवायचा? ह्यांचं राहिलेलं काम आहे." सांत्वनाला आलेली बाई रडत होती आणि मामी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, असं ताई सांगते. सांगताना ताई पण रडत होती, त्यामुळे मला अर्धं नीट ऐकू आलं नाही.

अर्ज तसाच आहे, मामा. खोटं कशाला सांगू. बोर्डही तिथेच आहे. पंचायतीची सभा व्हायची आहे. बाई म्हणालीय की अर्जावर तिची सही कधीच नव्हती आणि सभेत ती बोलणार आहे. मला मात्र धास्ती वाटतेच. मी होळीला येईन तेव्हा वरात कुठल्या रस्त्याने जात असेल, बांबू असतील का, आपला ओटा असेल का, ह्याचा विचार करत मी बर्फ फोडतो. तू असतास तर म्हणाला असतास, घाबरट आहे लेकाचा.

पण परवाचं सांगतो. परवा दामूच्या धाकट्या पोराची हळद होती. तारीख आधीच धरलेली, पुढे ढकलता आली नाही. आमची बोट बंदरात होती. मी ताईला म्हटलं, फोन चालू ठेव, मला वरात ऐकायची आहे. तुझा बेंजो आता नित्याच्या गळ्यात आहे. मला काळजी होती. नित्या आधीपासून सांगत आला होता, मामा आहे तोवर थांबतो, नंतर मी कोणाच्याच दारात थांबणार नाही.

मी जेट्टीच्या कडेला जाळ्यांच्या ढिगावर बसलो, एका कानाला फोन, दुसऱ्या कानात बोट. ताई ओरडून सांगत होती. "बंगला आला रे! बाई फाटकात उभी आहे! नित्या थांबत नाही, वाजवतोय! बाईने मान हलवली, हो म्हणाली! तिचा पाय हलतोय बघ, म्हणजे तुला दिसणार नाही, पण हलतोय!" बेंजो फुटक्या आवाजात फोनमधून येत होता. त्या दारासमोर इतक्या वर्षांनी वाजत होतं. मी पण मांडीवर ताल धरला. बाजूचा खलाशी बघायला लागला तर बघू दे.

ताल रंगात आला आणि एकदम सगळं बंद. आवाजच नाही. मला वाटलं, फोन कट झाला. नेटवर्क इथे असंच जातं. मी उभा राहिलो, फोन वर धरला, खाली धरला. "हॅलो? ताई? हॅलो, ऐकू येतंय का?"

ताई कुजबुजली, "गप रे. मामाचं घर आलंय."

मी गप्प झालो. मग हळूहळू ऐकू यायला लागलं. वाळूतल्या चपला. कोणाचं तरी तान्हं कुरकुरत होतं, त्याला कोणीतरी थोपटत होतं. हातगाडीचं चाक करकरत होतं, त्याला तेल लावायचं तुझं राहिलं होतं. लांब आपला दर्या. बराच वेळ तेवढंच. तांडेलाने बर्फ भरायला हाक मारली, मी हात वर करून थांब म्हटलं. तुझं घर केवढंसं, दोन खोल्या आणि एक ओटा. ओलांडायला तेवढा वेळ लागत नाही.

नित्या पळाला नाही, मामा.